अभिजात रॉकच्या सीडी : कोणत्या आवृत्तीचा आवाज सर्वांत चांगला?

तबकडीवाला (धागाकर्ता)

एकच अल्बम, पाच-सहा वेगवेगळ्या सीडी. एक १९८४ची, एक १९९४ची, एक तिसाव्या वर्धापनदिनाची, एक सोनेरी, एक जपानी. गाणी तीच, क्रम तोच, पण लावून बघितलं तर प्रत्येकीचा आवाज निराळा. यातली घ्यायची कोणती, यावर इथे एकदा सविस्तर बोलावं म्हणून हा धागा.

माझं म्हणणं आधीच मांडतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. वेष्टनावर 'रीमास्टर्ड' (मास्टरिंग, म्हणजे टेपला सीडीसाठी शेवटचं रूप देणं, नव्यानं केलेलं) छापलंय यावरून आवाज चांगला की वाईट हे काहीही कळत नाही. कोणती टेप वापरली, ती कुणी सीडीवर उतरवली आणि उतरवताना लिमिटर (आवाजाची टोकं दाबून एकूण पातळी चढवणारं साधन) किती दाबला, या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की निम्म्याहून अधिक काम झालं.

टेपचा मुद्दा असा. स्टुडिओत आधी मल्टिट्रॅक टेप असते, म्हणजे वाद्यं आणि गायन वेगवेगळ्या ट्रॅकवर. ते सगळं प्रमाणात एकत्र करून, म्हणजे मिक्स करून, दोन ट्रॅकची स्टिरिओ मास्टर होते. तिच्यावरून एलपी कापण्यासाठी आणखी एक प्रत निघायची. सुईला झेपावं म्हणून तिच्यात खर्ज आवरलेला, कधी वरचा भाग घासलेला. परदेशातल्या शाखांना बहुतेकदा अशीच प्रतीची प्रत जायची. ८०च्या दशकात सीडी काढायची घाई झाली तेव्हा कपाटात जी टेप हाताला लागली ती वापरली गेली. म्हणून त्या काळातल्या काही सीडी पातळ, कोरड्या वाटतात. पण त्याच काळात कुणी मूळ मास्टर शोधून, फार ढवळाढवळ न करता उतरवली असेल तर ती सीडी आजही मात देते. अटलांटिक कंपनीसाठी बॅरी डायमंट यांनी मास्टर केलेली लेड झेपेलिनची 'हाउसेस ऑफ द होली' ऐका. ड्रम जिथे आदळायला हवेत तिथे आदळतात.

लिमिटरचं प्रकरण ९०च्या दशकात सुरू झालं आणि वाढत गेलं. सीडीला १६ बिटांत साधारण ९६ डेसिबलचा आवाका मिळतो, आणि एवढी ऐसपैस जागा असताना सगळं गाणं छताला चिकटवून ठेवायची स्पर्धा लागली. रशचा 'व्हेपर ट्रेल्स' (२००२) हे त्याचं टोक. तो इतका चिरडला होता की २०१३ साली डेव्हिड बॉट्रिलकडून अख्खा अल्बम पुन्हा मिक्स करून घ्यावा लागला. जुन्या अल्बमांचे रीमास्टरही याच हवेत झाले.

माझ्या पसंतीच्या काही : ईगल्सचा 'हॉटेल कॅलिफोर्निया' डीसीसी कंपनीच्या सोनेरी सीडीवर (मास्टरिंग स्टीव्ह हॉफमन), द हूचा 'हूज नेक्स्ट' एमसीए कंपनीच्या जुन्या सीडीवर (तोही हॉफमनचाच), डायर स्ट्रेट्सचा 'ब्रदर्स इन आर्म्स' १९८५च्या पहिल्याच सीडीवर. शेवटचा बहुतांशी डिजिटल मल्टिट्रॅकवरच रेकॉर्ड झाला होता आणि एलपीत जागा पुरेना म्हणून काही गाणी कापली होती, ती सीडीवर पूर्ण आहेत. इथे नवं काही शोधायची गरजच नाही.

आता तुमच्या याद्या येऊ द्या. कारणासकट.

---

सुरपाखरू

वाचनखूण साठवली. सावकाश वाचते.

---

स्वरभोळी

प्रामाणिक शंका. हा फरक खरंच ऐकू येतो, की जुनी सीडी मिळवायला केलेली खटपट कानात वाजते? माझ्याकडे पिंक फ्लॉइडच्या 'डार्क साइड ऑफ द मून'ची जुनी आणि २०११ची अशा दोन्ही आहेत. मला २०११चीच भरदार वाटते. जुनी मवाळ.

---

तबकडीवाला

@स्वरभोळी, दोन्ही ऐकताना आवाजाची कळ एकाच जागी ठेवली होती ना? मग जी मुळातच मोठ्यानं मास्टर केली आहे ती जिंकणारच. दोन आवाजांत अर्ध्या डेसिबलचा फरक असला तरी कान 'हे मोठं आहे' असं सांगत नाही, 'हे चांगलं आहे' असं सांगतो. शिवाय आवाज वाढला की खर्ज आणि वरचा झिळमिळाट दोन्ही प्रमाणाबाहेर ठळक ऐकू येतात, कानाची घडणच तशी आहे.

दोन्ही रिप करा (म्हणजे संगणकावर फाइली करून घ्या), रीप्लेगेन या आवाज मोजून जुळवणाऱ्या सोयीनं पातळी समान करा, आणि कोणती वाजतेय ते न बघता ऐका. फूबार या संगणकावरच्या प्लेअरमध्ये त्यासाठी एबीएक्सचं, म्हणजे न बघता तुलना करायचं, आयतं साधन आहे. त्यानंतरही २०११चीच आवडली तर तीच तुमची सर्वोत्तम, माझी काही हरकत नाही. जेम्स गथ्री यांचं ते २०११चं मास्टरिंग वाईट नाहीच. गंमत याच अल्बमच्या २००३च्या एसएसीडीत (सुपर ऑडिओ सीडी, सीडीपेक्षा वरच्या दर्जाची म्हणून विकलेली चकती) आहे. त्या एकाच चकतीवर दोन थर होते आणि साध्या सीडीच्या थराचा आवाज एसएसीडीच्या स्टिरिओ थरापेक्षा जास्त दाबलेला होता. दोन्ही थर ऐकणाऱ्याला वाटायचं, एसएसीडी म्हणजे काय कमाल तंत्र!

---

मीनमेख

धाग्याचा सूर 'जुनं ते सोनं' असा लागतोय, म्हणून हा विरोधी सूर.

बीटल्सच्या १९८७च्या सीडी आठवा. पहिले चार अल्बम नुसते मोनो. 'हेल्प!' आणि 'रबर सोल' जॉर्ज मार्टिन यांनी सीडीसाठी पुन्हा मिक्स केलेले. वीसेक वर्षं जगभर लोक तेच ऐकत राहिले. ९ सप्टेंबर २००९ला नवे रीमास्टर आले तेव्हा ते निखालस चांगले होते. स्टिरिओ संचात थोडं लिमिटिंग आहे, मान्य, पण त्यानं काही जीव जात नाही. मोनो संचात तर लिमिटर लावलेलाच नाही. वर त्या संचात 'हेल्प!' आणि 'रबर सोल'चे १९६५चे मूळ स्टिरिओ मिक्सही दिलेत. जुन्या सीडीला चिकटून बसणाऱ्याला हे कुठून मिळणार?

रोलिंग स्टोन्सच्या ६०च्या दशकातल्या अल्बमांचंही तेच. २००२ साली अ‍ॅबकोनं जे काढले, बॉब लडविग यांनी मास्टर केलेले, त्यांच्यापुढे आधीच्या सीडी फिक्या. 'बेगर्स बँक्वेट' तर तोवर चुकीच्या गतीनं, जरा हळूच वाजत आला होता. २००२मध्ये पहिल्यांदा गती सुधारली. गिटार घेऊन सोबत वाजवून बघा, पट्टी आता जुळते.

दुसरं, डीआर (डायनॅमिक रेंज) आकड्यांचं स्तोम. लोक या आकड्यांचा तक्ता उघडतात, डीआर १२ दिसला की चांगलं, ८ दिसला की कचरा. तो आकडा म्हणजे गाण्यातल्या सगळ्यांत मोठ्या वीस टक्के भागाची सरासरी पातळी आणि शिखर यांतलं अंतर. झांजा कर्कश आहेत का, गायकाचा गळा बसलाय का, टेप कितवी प्रत आहे, यातलं त्याला काही समजत नाही. आणि एलपीवरून उतरवलेल्या फाइलींचे आकडे तर सोडूनच द्या. तोच दाबलेला मास्टर एलपीवरून फिरून आला की लाटेची टोकं पुन्हा वरखाली होतात आणि आकडा दोन-चारनं फुगतो. मग 'एलपीत जास्त डायनॅमिक्स' म्हणून नाचायचं!

---

तबकडीवाला

@मीनमेख, बीटल्स आणि स्टोन्स दोन्हींबाबत सहमत. म्हणूनच वर 'कोणती टेप' हा प्रश्न पहिला ठेवला आहे, 'कोणतं साल' हा नाही. डीआरबद्दल इतकंच म्हणेन, आठच्या खाली गेलेला ७०च्या दशकातला अल्बम दिसला की मी सावध होतो. सावध होण्यापुरताच त्याचा उपयोग.

---

चुंबकफीत

मास्टरिंगवर इतकं लिहिलंय, पण बऱ्याच सीडींत मिक्सच बदललेला असतो आणि वेष्टनावर त्याचा उल्लेखही नसतो. मास्टरिंग आवडलं नाही तर टोन कंट्रोल फिरवून थोडं तरी सावरता येतं. मिक्स बदलला असेल तर काही इलाज नाही, ते दुसरंच रेकॉर्ड.

झीझी टॉप घ्या. १९८७ साली 'सिक्स पॅक' नावाचा संच निघाला आणि त्यासाठी ७०च्या दशकातल्या अल्बमांना ८०च्या दशकाचे ड्रम चढवले. तेव्हा 'एलिमिनेटर'चा जमाना होता, सगळ्यांना तो धडामधुडूम प्रतिध्वनी हवा होता. टेक्सासच्या धुळीत मळलेलं ब्लूज, आणि स्नेअर ड्रम मात्र पत्र्याच्या गोदामात वाजवल्यासारखा. पुढे सुट्या सीडीही याच मिक्सच्या निघाल्या. 'त्रेस ओंब्रेस' आणि 'फांदांगो'चे मूळ मिक्स सीडीवर यायला २००६ उजाडलं, बाकीच्यांना २०१३चा दहा अल्बमांचा संच. मधल्या वीस-पंचवीस वर्षांत ज्यांनी हा बँड सीडीवर पहिल्यांदा ऐकला त्यांना मूळ आवाज माहीतच नाही.

फ्रँक झापानं तर स्वतःच्याच अल्बमवर हात चालवला. 'वी आर ओन्ली इन इट फॉर द मनी' ८०च्या दशकात सीडीवर आला तेव्हा त्यातला बेस आणि ड्रम नव्या वादकांकडून नव्यानं वाजवून घेतलेले होते. १९६८चं गाणं आणि त्याखाली चकचकीत ८०चा बेस. मूळ रूप १९९५च्या सीडीत परत आलं.

ऑझी ऑस्बर्नच्या 'ब्लिझर्ड ऑफ ऑझ' आणि 'डायरी ऑफ अ मॅडमन'चं २००२मध्ये हेच झालं, आणि तिथलं कारण कलेचं नव्हतं, मूळ वादकांशी चाललेला मानधनाचा वाद होता. बेस आणि ड्रमचे ट्रॅक बदलले. २०११च्या सीडींत मूळ वादक परतले. त्यामुळे या दोन अल्बमांबाबत २००२ची सीडी दिसली तर हात लावू नका, आवाज कितीही स्वच्छ असो.

इगी पॉपचा किस्सा वेगळ्या जातीचा. स्टूजेसचा 'रॉ पॉवर' १९७३ साली डेव्हिड बोवीनं मिक्स केला. लोक म्हणायचे फार किरटा आहे. १९९७मध्ये इगीनं स्वतः रीमिक्स केला आणि सगळ्या सुया लाल पट्ट्यात ढकलून दिल्या. सीडीच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्यानं ओरडणाऱ्या सीडींत त्याचं नाव घेतात. पण गंमत अशी, की त्या अल्बमला ते शोभतं. मी दोन्ही ठेवल्यात. २०१०च्या आवृत्तीत बोवीचा मिक्स परत मिळतो.

---

मीनमेख

यात डोअर्सचा पहिला अल्बम जोडा. १९६७पासून स्टिरिओ आवृत्ती मूळ वाजवल्यापेक्षा हळू, म्हणजे पट्टीही जरा उतरलेली. २००६च्या 'परसेप्शन' संचात गती सुधारली, पण तिथे मिक्सही नवा! म्हणजे तेव्हा योग्य गती हवी तर नवा मिक्स घ्यावा लागे, मूळ मिक्स हवा तर उतरलेली पट्टी सोसावी लागे.

---

खर्जातला

सोनेरी सीडी, एसएचएम-सीडी, ब्लू-स्पेक... चकतीच्या या खास मालावर कुणीतरी बोला की राव. माझा एक मित्र शपथेवर सांगतो की एसएचएममुळे बेस 'मोकळा' होतो.

---

तबकडीवाला

मित्राला दोन्ही रिप करून फाइली ताडून बघायला सांगा. मास्टर एकच असेल तर बिट न् बिट तेच निघतं. सोनं, पॉलिकार्बोनेटचा दर्जा, वरचं छापकाम यांनी बिट बदलत नाहीत. सोन्याचा फायदा एकच, ते गंजत नाही. डीसीसी किंवा मोबाइल फिडेलिटीच्या सोनेरी सीडी चांगल्या वाजतात कारण तिथे कुणीतरी मूळ मास्टर टेप मागवली आणि नीट बसून काम केलं. तेच काम साध्या ॲल्युमिनियमवर छापलं असतं तरी तसंच वाजलं असतं. एसएचएमवर चांगला मास्टर असू शकतो, रद्दीही असू शकते.

तसंच मागे छापलेलं एएडी, एडीडी, डीडीडी. रेकॉर्डिंग, मिक्सिंग, मास्टरिंग कशावर झालं (ए म्हणजे ॲनालॉग, डी म्हणजे डिजिटल), एवढंच ते सांगतं. डीडीडी म्हणजे पहिला वर्ग असं नाही.

---

झांजरव

जुने अल्बम नव्यानं मिक्स करणाऱ्या स्टीव्हन विल्सनच्या रीमिक्सबद्दल कुणीच बोललं नाही? किंग क्रिमझनचे २००९पासूनचे, जेथ्रो टलचा 'ॲक्वालंग' (२०११), येसचा 'क्लोज टू द एज' (२०१३). वर चुंबकफीत यांनी रीमिक्स म्हणजे पापच असं रंगवलंय, पण 'ॲक्वालंग'ची मूळ मास्टर टेपच गढूळ होती. कितीही सोन्यावर छापा, मिक्समध्येच पडदा. विल्सननं मल्टिट्रॅकपासून सुरुवात केली आणि बॅरीमोर बार्लोच्या ड्रमची जागा

---

झांजरव

अर्धवटच गेला प्रतिसाद. आणि बार्लो नव्हे, 'ॲक्वालंग'वर क्लाइव्ह बंकर. तर ड्रमची जागा, अकूस्टिक गिटारच्या तारा, बासरीतला श्वास, सगळं उघडं झालं. शिवाय तो लिमिटर जवळपास टाळतोच. मूळ मिक्सची मांडणी बदलायची नाही, नुसती काच पुसायची, हा त्याचा दंडक आहे.

---

चुंबकफीत

पाप म्हटलं नाही हो. न सांगता बदललेला मिक्स हे पाप. विल्सनच्या संचांत बहुतेकदा मूळ मिक्सही स्वच्छ उतरवून सोबत देतात, तिथे तक्रारीला जागाच नाही. 'ॲक्वालंग' मान्य, तिथे रीमिक्स मूळच्या पुढे गेलाय. 'इन द कोर्ट ऑफ द क्रिमझन किंग'बाबत मात्र मी अजून मूळ मिक्सकडेच जातो. पहिल्या पिढीची हरवलेली टेप सापडल्यावर २००४मध्ये जी आवृत्ती निघाली ती. मेलोट्रॉन (टेपवरचे सूर वाजवणारं कळवाद्य) थोडा धूसर असावा लागतो, फार लख्ख झाला की त्याची दहशत जाते.

याउलट जेनेसिसचे निक डेव्हिस यांनी केलेले २००७-०८चे रीमिक्स. तपशील जास्त दिसतो, पण इतकं घट्ट आवळलंय की 'सपर्स रेडी' हे गाणं पुरतं ऐकवत नाही. तिथे १९९४चे रीमास्टर घ्या, मिक्स मूळचाच आहे.

---

झांजरव

मेलोट्रॉनबद्दल कट्टर असहमत, पण जेनेसिसबद्दल +१.

---

स्वरभोळी

पातळी समान करून ऐकलं. 'डार्क साइड'वरच्या 'टाइम' गाण्यातली घड्याळं जुन्या सीडीत खरंच दचकवतात. नव्या सीडीत गायन जास्त जवळ आहे आणि ते मला आवडतंच. तर निकाल बरोबरी. पण आता पुढचा प्रश्न, जुनी सीडी विकत घेताना हातातली नेमकी कोणत्या मास्टरिंगची आहे हे ओळखायचं कसं? कव्हर तर वर्षानुवर्षं एकच असतं.

---

तबकडीवाला

कव्हरवर जाऊच नका, कव्हर आणि चकती यांची अदलाबदल सर्रास होते. चकती उलटी धरा आणि मधल्या भोकाजवळच्या कड्यावरचा बारीक मजकूर वाचा. तो मॅट्रिक्स क्रमांक. डिस्कॉग्स या संकेतस्थळावर तोच क्रमांक शोधला की कोणत्या कारखान्याची, साधारण कधीची ते कळतं. त्या कड्यात 'आयएफपीआय' अक्षरं असलेला कोड दिसला तर ती चकती १९९४च्या आधीची नाही, मागे साल काहीही छापलेलं असो. 'मेड इन वेस्ट जर्मनी' असेल तर साधारण १९९०पर्यंतची.

पण कारखाना वेगळा म्हणजे मास्टरिंग वेगळं असं नव्हे. पश्चिम जर्मनीतल्या त्या रंगीत 'टार्गेट' नक्षीच्या चकत्यांमागे लोक वेडे झालेत, आणि त्यांतल्या कित्येकांत साध्या चकतीतलाच डेटा आहे. याची खात्री करायला ईएसी या रिप करायच्या सॉफ्टवेअरनं रिप करा आणि लॉगमध्ये प्रत्येक गाण्याची शिखर पातळी बघा. दोन चकत्यांचे सगळे आकडे तंतोतंत जुळले तर मास्टरिंग एकच समजा, जास्तीचा भाव देऊ नका. पुष्कळ लोक आपले लॉग टाकतात, त्यामुळे विकत घेण्याआधीही हे पडताळता येतं.

---

मीनमेख

जुन्या घेताना चकतीचा रंगही बघा. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या पीडीओ कारखान्यात १९८८ ते १९९३च्या सुमारास निघालेल्या काही सीडी कडेकडून तांबूस होत जातात. आतला चांदीचा थर वेष्टनाच्या कागदातल्या गंधकानं खराब होतो. कड्यावर 'मेड इन यू.के. बाय पीडीओ' दिसलं आणि कडा ब्राँझसारखी दिसली तर सोडून द्या. आधीच घेतली असेल तर आजच रिप करून ठेवा.

---

खर्जातला

विचारतोच आता. बीटल्सच्या 'ॲबी रोड'ची ती जपानी, तोशिबा-ईएमआयची १९८३ची, सीपी३५-३०१६, एका ओळखीच्यांकडून ऐकायला मिळाली. प्लेअरवर मस्त वाजली. मी रिप करून घेतली तर फाइल भयंकर चिरचिरी, झांजा कानात खुपतात. सीडी तीच, मग हे काय?

---

तबकडीवाला

प्री-एम्फसिस. सुरुवातीच्या काही सीडींत, खासकरून जपानी, वरच्या स्वरांचा भाग मुद्दाम चढवून नोंदवायचे आणि तसा एक खुणेचा बिट सोबत द्यायचे. प्लेअर ती खूण वाचून तेवढाच भाग खाली उतरवतो, त्यात हिस, म्हणजे मागची सरसर, तीही कमी होते. रिप करताना हे उतरवणं आपोआप होत नाही, म्हणून २० किलोहर्ट्झच्या आसपास साडेनऊ-दहा डेसिबल जास्तीचे राहतात. काही चकत्यांत ती खूण सुरुवातीच्या अनुक्रमणिकेत नसते, फक्त गाण्याच्या सबकोडमध्ये (गाण्यासोबत नोंदलेल्या जादा माहितीत) असते, त्यामुळे सॉफ्टवेअरला पत्ताच लागत नाही.

सॉक्स या ध्वनी-प्रोग्राममध्ये 'डीएम्फ' नावाचा इफेक्ट आहे, तो फाइलीवर चालवा. आधी २४ बिटांत बदलून घ्या आणि मूळ रिप पुसू नका. 'हिअर कम्स द सन'वर चालवून इथे सांगा कसं वाजतंय ते.

---

खर्जातला

चालवलं. प्लेअरवर ऐकलं होतं ते हेच. सगळ्या अल्बमवर लावतोय. याच सुमाराच्या आणखी दोन जपानी चकत्या रिप करून ठेवल्यात, त्यांनाही लावू का?

---

तबकडीवाला

सरसकट नको. प्री-एम्फसिस नसलेल्या फाइलीवर लावलं तर घोंगडी पांघरल्यासारखा आवाज येईल. ईएसीत सबकोडमधून खूण शोधायची सोय आहे, ती वापरा. कोणत्या आहेत दोन? मॅट्रिक्स टाका.